शेजारचा धूर

दिवाळी सरली, तुळशीचं लग्न झालं, की आपल्या बेळगाव भागात पहाटेला एक वेगळाच वास येऊ लागतो. दवात भिजलेल्या मातीचा, आणि त्यात मिसळलेला धुराचा. कुणाच्या परसात हंडा तापत असतो, कुणाच्या न्हाणीघरात बंब पेटलेला असतो, तर कुणी दारातला पाला झाडून त्याची शेकोटी केलेली असते. लांबून बघायला हे मोठं छान वाटतं. पण हाच धूर आपल्या खिडकीतून आत शिरला आणि पाळण्यातल्या बाळापर्यंत पोचला, की त्यातलं कौतुक संपतं.

थंडीच्या दिवसांत या सदरासाठी येणाऱ्या पत्रांत हा विषय हमखास असतो. यंदा एका वाचक भगिनीने लिहिलंय, "आमच्या घरी आठ महिन्यांचं बाळ आहे. शेजारच्यांचा बंब रोज पहाटे साडेपाचला पेटतो आणि त्यांचा धुराचा पाइप बरोबर आमच्या माडीच्या खिडकीसमोर येतो. बाळ रात्रभर शांत झोपतं आणि पहाटे खोकायला लागतं. शेजारी कन्नड आहेत. माणसं चांगली आहेत, अडीअडचणीला धावून येतात. सासूबाई म्हणतात, एवढ्यावरून संबंध बिघडवू नका. हे म्हणतात, सरळ तक्रार करू. मी काय करू?"

सासूबाईंचंही खरं आहे आणि यजमानांचंही. संबंध टिकले पाहिजेत आणि धूरही थांबला पाहिजे. या दोन्ही गोष्टी एकदम साधतात, पण त्यासाठी आधी तो धूर नीट समजून घ्यावा लागतो.

घर बदललं, बंब तोच राहिला

आपल्या आजीच्या काळात घरोघरी चूल होती, न्हाणीत हंडा होता. मग तेव्हा शेजारच्या धुराची तक्रार का नव्हती? कारण घरं वेगळी होती. मंगळुरी कौलांच्या घरात धूर कौलांच्या फटींतून आणि धुराड्यातून उंचावरून बाहेर पडायचा. दोन घरांमध्ये परस असायचं, नारळ-केळी असायच्या. धूर होता तो मुख्यतः ज्याचा त्याच्या घरात. त्याने घरातल्या बायकांचे डोळे आणि छाती खराब झालीच, पण कुणी त्याला आजार म्हटलं नाही.

आता कौलं गेली, स्लॅब आला. परसात भाडेकरूंच्या खोल्या निघाल्या. दोन घरांमध्ये तीन-चार फुटांचा बोळ उरला. शेजारच्यांचा पाइप वीस वर्षांपूर्वी जिथे होता तिथेच आहे. तेव्हा तो आपल्या कौलांच्या वर होता, आता आपण माडी चढवल्यावर तो आपल्या झोपायच्या खोलीच्या खिडकीशी आला! तक्रार करायला जाण्याआधी एवढं जरूर बघावं, की पाइप आपल्या खिडकीसमोर आला की आपली खिडकी पाइपसमोर गेली. त्यामुळे आपला त्रास कमी ठरत नाही. पण बोलण्याचा सूर मात्र बदलतो.

गॅस आला, सोलर आला, तरी बंब का जात नाही, असंही पुष्कळजण विचारतात. आपल्याकडे जून ते सप्टेंबर आभाळ झाकलेलं असतं, सोलरचं पाणी तापत नाही. दहा माणसांच्या घराला गीझरचं बिल परवडत नाही. परसातल्या नारळाच्या झावळ्या, सोडणं, करवंट्या फुकट मिळतात. आणि म्हाताऱ्या माणसांना बंबाच्याच पाण्याने आंघोळ झाल्यासारखी वाटते! शेजारच्या घरचीही कारणं अशीच असणार. हौसेने कुणी पहाटे पाचला उठून डोळे चोळत लाकडं सारत नाही.

पहाटेचाच धूर का झोंबतो?

हाच बंब सकाळी नऊला पेटवला तर एवढा त्रास होत नाही, हे तुमच्या लक्षात आलं असेल. दिवसा उन्हाने जमीन तापते, जमिनीलगतची हवा हलकी होऊन वर जाते आणि धुरालाही वर नेते. थंडीच्या रात्री जमीन गार पडते. खालची हवा वरच्या हवेपेक्षा थंड आणि जड होते, वारा पडलेला असतो. भांड्यावर झाकण ठेवावं तसा धूर खालीच कोंडतो आणि बोळाबोळांतून सरपटत जिथे फट मिळेल तिथे घरात शिरतो.

त्यातून लाकूड ओलं असेल तर विचारायलाच नको. नुकत्याच तोडलेल्या लाकडात निम्म्याच्या आसपास वजन पाण्याचं असू शकतं. जाळाची ऊब आधी ते पाणी उडवण्यात जाते, लाकूड पुरतं जळत नाही आणि न जळलेला भाग धूर होऊन बाहेर पडतो. धूर दिसतो म्हणजे आपलं सरपणच हवेत उडून चाललं आहे, असं समजायला हरकत नाही.

डोळ्यांना झोंबतो तो भाग एकवेळ सोसता येतो. खरा धोका दिसत नाही. अडीच मायक्रॉनपेक्षा बारीक कण, म्हणजे केसाच्या जाडीच्या सुमारे तिसाव्या हिश्शाएवढे, नाकात न अडकता थेट फुफ्फुसात खोलवर उतरतात. हवेच्या एका घनमीटरमध्ये असे कण चोवीस तासांच्या सरासरीने १५ मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त नसावेत, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये सांगितलं. आपल्या देशात २००९ मध्ये ठरवलेली मर्यादा ६० आहे. लहान बाळ मोठ्या माणसापेक्षा भराभर श्वास घेतं, त्याची फुफ्फुसं अजून वाढत असतात, म्हणून त्याला हा धूर जास्त बाधतो. दमेकरी, हृदयविकाराचे रुग्ण, गरोदर स्त्रिया आणि वृद्ध यांचंही तेच.

आधी कुणाच्या डोळ्यांत?

आता या सगळ्यात मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट सांगते. शेजारच्या घरचा धूर आपल्याकडे येतो तेव्हा तो पातळ होऊन आलेला असतो. त्याच्या आधी तो बंबापुढे बसलेल्या त्या घरच्या बाईच्या डोळ्यांत आणि छातीत गेलेला असतो. आपल्या बाळाला दहा मिनिटं त्रास झाला असेल, तर ती रोज तास-दीड तास त्या धुरात वाकून बसलेली असते. घरातल्या धुरामुळे २०२० साली जगात सुमारे ३२ लाख माणसं दगावली, त्यात पाच वर्षांखालची दोन लाख सदतीस हजारांहून अधिक मुलं होती, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. ही माणसं आपापल्या चुलीच्या धुराने गेली. दमा, फुफ्फुसांचे जुने विकार, एवढंच काय, मोतीबिंदूचाही या धुराशी संबंध आढळला आहे.

म्हणून शेजारणीकडे जाताना 'तुमच्या धुराने आमचं वाटोळं केलं' असं मनात धरून जाऊ नये. धूर दोन्ही घरांचा शत्रू आहे, आणि तिचा जास्त आहे. हे खरोखर पटलं असेल तर शब्द आपोआप नीट येतात.

आठ दिवस नुसतं बघा

बोलायच्या आधी आठवडाभर एका वहीत टिपण ठेवा. धूर किती वाजता येतो, किती वेळ राहतो, कोणत्या खिडकीतून येतो, वास कसला असतो. वासावरून पुष्कळ कळतं. डोळ्यांत पाणी आणणारा, पांढरट दाट धूर बहुधा ओल्या लाकडाचा किंवा ओल्या पाल्याचा. घशाला खाजवणारा, काळपट आणि रसायनासारखा वास आला तर प्लॅस्टिक, रबर किंवा रंगवलेलं लाकूड जळतंय. चंदगड-बेळगाव पट्ट्यात काजूचे कारखाने आहेत, तिथली टरफलं सरपण म्हणून वापरली जातात. काजूच्या टरफलात कातडी भाजून काढणारं तेल असतं, त्याचा धूर नाका-घशाला साध्या लाकडापेक्षा फार झोंबतो. न्हाणीच्या बंबासाठी ती टरफलं वापरूच नयेत.

या टिपणाचा आणखी एक उपयोग. पुष्कळदा आपण ज्या घराला दोष देत असतो त्याचा तो धूर नसतोच. मागच्या गल्लीत कुणी कचरा पेटवलेला असतो आणि वारा तो आपल्याकडे आणतो. नाहक एखाद्यावर आळ घेण्यापेक्षा आठ दिवस थांबलेलं बरं.

बोलायचं कसं?

धूर येत असताना, डोकं तापलेलं असताना, खिडकीतून ओरडून बोलू नका. मुलांच्या हाती निरोप धाडू नका. नळावर किंवा चार बायकांत विषय काढू नका. दुपारी निवांत वेळी, घरातल्या मोठ्या बाईने, शक्य तर सासूबाईंनीच जावं. त्या घरची जी बाई बंब पेटवते तिच्याशीच बोलावं. पुरुषांनी पुरुषांशी बोलायला घेतलं की गोष्ट लवकर मानापमानावर जाते, आणि बंब पेटवणारीला विचारत कुणीच नाही!

आणि भाषा? आपल्याकडे अर्ध्या घरांत मराठी-कन्नड दोन्ही चालतात, कुठे सूनबाई धारवाडची असते तर कुठे जावई गोकाकचा. समोरच्याच्या भाषेत चार शब्द बोलले की अर्धं काम होतं. "अक्का, मुंजानी नम्म मन्याग होगी भाळ बरतद री. कूसु केम्मतद. निम्म कण्णिगे त्रास आगूदिल्लेन री?" एवढं पुरे. यात आरोप नाही, बाळाची काळजी आहे आणि तिच्या डोळ्यांचीही विचारपूस आहे. 'त्रास' हा शब्द तर दोघींच्या भाषेत एकच आहे. ती "वैनी, एन माडोदु री?" म्हणाली, की पुढचं बोलणं सोपं.

एक मात्र कटाक्षाने पाळा. या बोलण्यात 'तुम्ही लोक', 'तुमच्यात असंच असतं' हे शब्द येऊ देऊ नका. सीमाभागात साध्या नळाच्या भांडणालाही भाषेचा रंग चढायला वेळ लागत नाही, आणि एकदा तो चढला की धूर बाजूला राहतो, गल्लीत दोन तट पडतात. मग तो बंब चार पिढ्या विझत नाही.

मागायचं काय?

नुसतं 'धूर बंद करा' म्हणून भागत नाही. 'बंब बंद करा' म्हटलं तर आंघोळीचं काय, हा प्रश्न उभा राहतो. म्हणून करता येण्याजोग्या गोष्टी हातात घेऊन जावं.

पहिली गोष्ट पाइपची. धुराच्या पाइपचं तोंड घराच्या आणि शेजारच्याही छताच्या सर्वांत उंच भागाच्या वर गेलं पाहिजे. ते छपराखालीच राहिलं तर वारा छपरावरून येताना भोवरा करतो आणि धूर पुन्हा खाली दाबतो. पाइप उंच केला की ओढ वाढते, जाळ चांगला धरतो. वर पावसासाठी पत्र्याची छत्री हवी. आतली काजळी दर वर्षी काढायला हवी, नाहीतर धूर उलटा न्हाणीत येतो.

शहापूरच्या एका बोळात दोन घरांचं असंच झालं होतं. खालच्या घरचा पाइप पागोळीपर्यंत, वरच्या घरची नवी माडी. एक हिवाळा अबोल्यात गेला. शेवटी दोन्हीकडच्या आज्यांनी मिळून पत्र्याचं काम करणाऱ्या कारागिराला बोलावलं, पाइप माडीच्याही वर नेला आणि खर्च निम्मा-निम्मा केला. वारा अगदी पडला तर अजूनही थोडा वास येतो, पण बाळाचं खोकणं थांबलं. आणि बंबवाल्या आजी म्हणतात, आता फुंकून फुंकून जीव जात नाही, लाकूडही कमी लागतं. खर्चात वाटा उचलणं म्हणजे हार मानणं नव्हे. आपली माडी नंतर आली असेल तर ते न्यायाचंच आहे.

दुसरी गोष्ट सरपणाची. लाकूड पावसाळ्यापूर्वी भरावं, बारीक फोडावं आणि आडोशाला रचावं. तिसरी, पेटवण्याची. पुष्कळ घरांत जाळ धरायला प्लॅस्टिकची पिशवी किंवा दुधाच्या पिशवीचा तुकडा लागतो. सवय जुनी, पण फार वाईट. पी.व्ही.सी.सारखं प्लॅस्टिक जळताना डायॉक्सिनसारखी विषारी द्रव्यं तयार होतात. नारळाची वाळलेली शेंडी किंवा बारीक काटक्या तेच काम करतात. चौथी, बंबाच्या जाळीखालची राख रोज काढावी. खालून वारा मिळाला नाही तर जाळ गुदमरतो आणि धूर होतो. पाचवी, वेळेची. घरात शाळा-ऑफिसची घाई नसलेली माणसं असतील तर त्यांचं पाणी ऊन वर आल्यावर तापवता येतं.

बेंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत १९७४ साली ग्रामीण भागासाठीच्या तंत्रज्ञानाचं 'अस्त्र' हे केंद्र सुरू झालं. तिथे बिनधुराची 'अस्त्र ओले' तयार झाली. तिचं तत्त्व हेच होतं: हवा मोजून आत घ्यायची, जाळ भांड्याला नीट लागू द्यायचा आणि उरलेला धूर नळीतून वर सोडायचा. आपल्या न्हाणीतल्या बंबालाही हेच लागू पडतं.

आणि एक इशारा दोन्ही घरांसाठी. बंब किंवा कोळशाची शेगडी बंद न्हाणीघरात पेटवून दार-खिडकी लावून आंघोळ करू नका. अपुऱ्या हवेत जळताना कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला ना रंग, ना वास. माणूस बेशुद्ध पडेपर्यंत कळत नाही. गॅस गीझरलाही हीच खबरदारी हवी.

आपल्या घरात काय करावं?

शेजारचं काम होईपर्यंत बाळाला वाऱ्यावर सोडता येत नाही. धुराच्या बाजूची खिडकी रात्री झोपतानाच बंद करा आणि फटींना रबराची पट्टी लावा. बाळाचा पाळणा घराच्या दुसऱ्या अंगाच्या खोलीत हलवा. धूर येत असताना एक्झॉस्ट फॅन चालू करू नका. तो आतली हवा बाहेर टाकतो आणि तिची जागा घ्यायला धुराची हवा फटींतून आत ओढली जाते. बोळातला धूर निवळला की मग समोरासमोरच्या खिडक्या उघडून घर मोकळं करा.

धुराचा वास घालवायला उदबत्ती, धूप लावणं म्हणजे धुरात धुराची भर. ओला रुमाल नाकाला लावल्याने बारीक कण थांबत नाहीत. मोठ्यांना एन-९५ मास्क उपयोगी पडतो, तान्ह्या बाळाला तो चालत नाही. बाळाचा श्वास जोरात चालतोय, छाती आत ओढली जातेय, दूध पिताना धाप लागतेय, असं दिसलं तर घरगुती काढ्यात वेळ न घालवता डॉक्टर गाठा.

ऐकलंच नाही तर?

दोन-तीन वेळा गोडीने सांगून, खर्चाची तयारी दाखवूनही कुणी ऐकत नसेल, तर बाळाच्या छातीपेक्षा भीड मोठी नाही. आधी गल्लीतल्या पंचांना, वॉर्डाच्या नगरसेवकांना किंवा गावात ग्रामपंचायतीच्या सदस्यांना मध्ये घ्या. दोन्ही घरांना मान देणारा माणूस निवडा.

कचरा उघड्यावर जाळत असतील तर प्रश्न सोपा आहे. २०१६ च्या घनकचरा नियमांनी रस्त्यावर आणि सार्वजनिक मोकळ्या जागेत कचरा जाळायला मनाई केली. बेंगळूरच्या अल्मित्रा पटेल यांनी १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात केलेल्या याचिकेचं प्रकरण पुढे राष्ट्रीय हरित लवादाकडे गेलं, आणि डिसेंबर २०१६ मध्ये लवादाने उघड्यावर कचरा जाळणाऱ्याला ५,००० रुपये, मोठ्या प्रमाणावर जाळणाऱ्याला २५,००० रुपये भरपाई ठरवून दिली. अशी तक्रार महानगरपालिकेच्या आरोग्य विभागाकडे करावी. अर्ज कन्नडमध्ये दिला तर काम लवकर पुढे सरकतं. तारीख, वेळ आणि फोटो जोडावेत, म्हणूनच ती वही ठेवायची.

बंबाचा धूर मात्र कचऱ्याच्या नियमात बसत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत आजूबाजूच्या लोकांच्या आरोग्याला घातक होईल अशी हवा बिघडवणाऱ्याला कलम २८० खाली एक हजार रुपयांपर्यंत दंड आहे. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ खाली दंडाधिकारी असा सार्वजनिक उपद्रव दूर करण्याचा आदेश देऊ शकतात. पण ही कलमं गल्लीतल्या सर्वांना होणाऱ्या त्रासासाठी आहेत. एका खिडकीचा त्रास असेल तर दिवाणी न्यायालयाची वाट, आणि ती किती लांब असते हे आपल्याला माहीत आहे. कारखान्याचा धूर असेल तर कर्नाटक राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळ. कागल-चंदगडकडच्या वाचकांनी महाराष्ट्राच्या मंडळाकडे जायचं. धूर सीमा ओळखत नाही, अर्जाला मात्र ती ओळखावी लागते!

विडी-सिगारेटच्या धुराचंही पुष्कळजण विचारतात. सार्वजनिक जागी धूम्रपानाला २ ऑक्टोबर २००८ पासून देशभर नियम कडक झाले, पण स्वतःच्या घरात ओढणाऱ्याला ते लागू नाहीत. कन्नडमध्ये तंबाखूला 'होगेसोप्पु' म्हणतात, म्हणजे धुराचा पाला. शब्दातच सगळं आलं. तिथे आपली विनंती, त्यांची समजूत आणि आपली बंद खिडकी, एवढाच इलाज.

पत्र लिहिणाऱ्या ताईंना सांगणं एवढंच, की तक्रारीचा कागद कपाटात असू द्या, तो कधीही काढता येईल. आधी सासूबाईंना बरोबर घेऊन एका दुपारी शेजारी जा, आणि शेजारच्या अक्कांच्या बंबापुढे पाच मिनिटं बसा. तिथे डोळ्यांना पाणी येईल तेव्हा काय बोलायचं ते तुम्हाला कुणी सांगावं लागणार नाही. यंदाची थंडी अजून बाकी आहे, आणि पत्र्याचं काम एका दिवसाचं असतं.